एका गुंड्यात स्वेटर होत नाही

बाई विणायला बसली की लोक तिला दोनच प्रश्न विचारतात. 'कुणासाठी?' आणि 'केवढ्याला देणार?' 'माझ्यासाठी' आणि 'विकायचं नाही' ही उत्तरं कुणाच्या पचनी पडत नाहीत. विचारणारा आधी हसतो, मग जरा संशयाने बघतो, आणि शेवटी तिला उठवून एखादं काम सांगतो.

हा लेख त्या दोन प्रश्नांच्या विरोधात आहे. विषय लोकरीचा आहे म्हणून अंकातला हा 'हलका' मजकूर समजून मैत्रिणींनी पानं उलटू नयेत. हिंसा, जमीन, कायदा, आरोग्य यांवर आपण लिहितो आणि लिहायलाच हवं. पण बाईच्या वेळावर मालकी कुणाची, हा प्रश्न त्या सगळ्यांच्या मुळाशी आहे, आणि तो मला सर्वांत स्पष्ट दिसला तो लोकरीच्या एकेका गुंड्यात.

मी नालासोपारा पूर्वेला आचोळ्यात काम करते. आचोळं कागदोपत्री गाव, पण आज तिथे इमारतीला इमारत चिकटलेली आहे. कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं एकाच जिन्यावर राहतात. बायका वालीव-सातिवलीच्या कारखान्यांत पॅकिंगला जातात, अंधेरी-बोरिवलीला ऑफिसांत आणि घरकामाला जातात, नाहीतर घरी बसून नकली दागिन्यांचे मणी ओवतात. आमच्या गटात यातल्या सगळ्या तऱ्हेच्या जणी आहेत.

या गटात गेल्या काही वर्षांत एक सवय पडली. कुणीही कुठे प्रवासाला गेली की येताना लोकरीचा एक गुंडा आणते. ठरवून कुणी सुरू केलं नाही. एकजण कंपनीच्या सहलीबरोबर मनालीला गेली होती, तिने आणला. दुसरी बहिणीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली, तिने तुळशीबागेतून आणला. मी एका शिबिरासाठी माणदेशात गेले होते, तिथून घोंगडीसाठी हाताने कातलेल्या दख्खनी लोकरीची लडी आणली. ती इतकी रखरखीत की गळ्याला लावली तर पुरळ येईल. त्या मेंढीची लोकर कातरण्याची मजुरीही निघत नाही म्हणून मेंढपाळ ती टाकून देतात, हे मला तिथेच कळलं. त्या लडीची मी मोबाईलची पिशवी विणली. पावसात भिजली, आपटली, तरी अजून शाबूत आहे.

एकच गुंडा का? पैसे तेवढेच असतात आणि पिशवीत जागाही तेवढीच असते. परगावच्या गुंड्याला जोड मिळत नाही, हेही आहेच. पट्टीवर रंगाचा लॉट नंबर असतो. त्याच कंपनीची, त्याच रंगाची लोकर दुसऱ्या लॉटमधली घेतली की विणीत पट्टा उठून दिसतो. म्हणजे जे काही करायचं ते हातातल्या पन्नास ग्रॅममध्ये बसवायचं. कानटोपी होते. रुमालाएवढी गळपट्टी होते. केसांचा पट्टा होतो, पास ठेवायचं पाकीट होतं. हातमोज्यांची जोडी करायची तर गुंडा आधी किराणावाल्याच्या काट्यावर तोलून घ्यायचा आणि निम्मं वजन संपलं की पहिला मोजा बंद करायचा. नाहीतर एक मोजा लांब आणि एक तोकडा! हा हिशेब आमच्यातल्या चौथी शिकलेल्या बाईने सगळ्यांना शिकवला.

आणि एका गुंड्यात काय होत नाही? नवऱ्याचा स्वेटर होत नाही. सासऱ्यांचं जाकीट होत नाही. दिराच्या मुलाचा शाळेचा पुलओव्हर होत नाही. हे लक्षात आलं तेव्हा आमच्या बैठकीत बराच वेळ हशा चालला होता. हसू ओसरल्यावर एक काकू म्हणाल्या, "बाई, म्हणूनच बरा वाटतो गं हा गुंडा. कुणाला पुरतच नाही."

कुणाला पुरत नाही, म्हणून आपला. आपल्याकडे बाई प्रवासाहून परतते तेव्हा तिची पिशवी कुणाकुणाने भरलेली असते ते आठवून पाहा. देवाचा अंगारा, प्रसाद, मुलांना खेळणं, नणंदेला ब्लाउजपीस, शेजारणीला बांगड्या, नवऱ्याला चिवडा. तिचं स्वतःचं त्यात काय असतं? मुळात तिचा प्रवास तरी कुठे तिचा असतो? लग्न, मयत, बाळंतपण, यात्रा. शिबिराला यायचं म्हटलं तर चार दिवस आधीपासून घरात परवानगीची बोलणी सुरू होतात. अशा प्रवासात अर्धा तास काढून दुकान शोधायचं, रंग निवडायचा, भाव करायचा आणि साठ-सत्तर रुपये स्वतःवर खर्च करायचे, ही साधी गोष्ट नाही. "एवढं लांब जाऊन हे आणलंस?" हे वाक्य आमच्या गटातल्या बहुतेकींनी घरात ऐकलेलं आहे.

विणणं होतं ते गाडीत. नालासोपाऱ्याला सकाळच्या गाडीत बसायला मिळत नाही हे पश्चिम रेल्वेवरच्या बायकांना सांगायला नको. बसायचं तर उलटं विरारला जायचं, तिथून बसून यायचं, आणि त्यावरून विरारच्या बायकांशी रोज भांडण. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली अशी पहिली महिला विशेष गाडी सुटली, १९९३ मध्ये ती विरारपर्यंत आली. त्या आधी आणि नंतर डब्यातल्या गर्दीत बायकांनी भाज्या निवडल्या, हळदीकुंकू केलं, भजनं म्हटली, विणलंही. लांब सरळ सुयांचं कोपर शेजारणीच्या बरगडीत जातं, म्हणून आमच्यातल्या बहुतेकींनी क्रोशाची सुई धरली. ती एका हाताच्या जागेत चालते आणि स्टेशन आलं की टाका न सुटता पिशवीत जाते. परतीच्या वाटेवर सव्वा तासात टोपीचा घेर पूर्ण होतो. घरी पोचल्यावर ती पिशवी खुंटीला लागते आणि कुकर चढतो.

आता साहेबांकडे वळू. एका शासकीय कार्यालयात बचत गटांची बैठक होती. बैठक नेहमीप्रमाणे तासभर उशिरा सुरू होणार होती, म्हणून आमच्या दोघीतिघींनी पिशवीतून विणकाम काढलं. अधिकारी आले, त्यांनी एक टोपी हातात घेतली, उलटसुलट केली आणि खूश झाले. म्हणाले, "अरे वा! याचा ब्रँड करा. प्रदर्शनात स्टॉल देतो. महिन्याला किती नग देऊ शकाल?" आमची बाई म्हणाली, "साहेब, ही माझी आहे." साहेब म्हणाले, "हो हो, पण फावल्या वेळेचा सदुपयोग करा की!"

माणूस वाईट नव्हता. त्याला खरोखर मदत करायची होती. म्हणूनच हे वाक्य तपासायला हवं. बाईने स्वतःसाठी काही केलं तर तो वेळ 'फावला' ठरतो, आणि फावला वेळ म्हणजे पडीक जमीन. तिच्यावर कुणीतरी पीक घेतलंच पाहिजे. आम्ही समाजकार्याचे पदवीधर हीच भाषा बोलत गावोगाव फिरतो. एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात उत्पन्नवाढीच्या प्रकल्पांचे आराखडे शिकवले जातात. बाईच्या विश्रांतीचा आराखडा कुठल्या वर्गात शिकवतात? गटातल्या बाईला लोणचं येतं, लोणच्याचा प्रकल्प. शिवण येते, शिवणाचा प्रकल्प. तिला गाता येतं असं कळलं तर आम्ही तिला जनजागृतीच्या पथकात घालू.

आता याच विणकामाची दुसरी बाजू बघा. आचोळ्यातल्या काही बायका व्यापाऱ्याचा मालही विणतात. तो किलोने लोकर देतो आणि बाळाचा सेट मागतो: टोपडं, मोजे, बंद असलेलं स्वेटर. चपळ हाताच्या बाईलाही घरचं सगळं सांभाळून एका सेटला दोन-तीन दिवस लागतात. त्यातल्या टोपड्याचे सुटे पैसे काढले तर स्टेशनबाहेरचे दोन वडापाव येतील. टाका चुकला तर परत उसवायचं, डाग पडला तर पैसे कापायचे, घरच्या दिव्याचं वीजबिल तिचं, मान-पाठ तिची. तिने दर वाढवून मागितला की व्यापारी काय म्हणतो? "ताई, तुम्ही घरी बसून फावल्या वेळात तर करता!"

तेच दोन शब्द! साहेबांचे आणि व्यापाऱ्याचे. बाई स्वतःसाठी विणते तेव्हा वेळ फावला आहे, म्हणून कामाला लाव. बाई पैशासाठी विणते तेव्हाही वेळ फावलाच आहे, म्हणून पैसे कमी दे. दोन्हीकडून बाईच बुडते. माझा सगळा राग या दोन शब्दांवर आहे.

हे आचोळ्यापुरतं नाही. मारिया मीस या जर्मन अभ्यासक कार्यकर्तीने आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांमध्ये राहून काम केलं. तिचं पुस्तक १९८२ मध्ये प्रसिद्ध झालं आणि आपल्या चळवळीत ते पुष्कळ वाचलं गेलं. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथे क्रोशाची लेस शिकवली, पुढे तिचा निर्यात-व्यापार झाला. बायका घरात बसून दिवसाचे कितीतरी तास विणत आणि ती लेस परदेशातल्या टेबलांवर जाई. व्यापारी, दलाल, निर्यातदार बहुतेक पुरुष. आणि या बायका कोण? 'घरंदाज गृहिणी', रिकाम्या वेळेत हात चालवणाऱ्या. बाहेर मजुरीला जावं लागत नाही याचा त्यांना अभिमानही होता. मीसचा मुद्दा असा की हे 'गृहिणी' म्हणणं हीच त्या धंद्याची खरी गुंतवणूक होती. कामगार म्हटलं असतं तर मजुरी द्यावी लागली असती. मीस २०२३ मध्ये गेली. तिचं पुस्तक मी आजही नव्या कार्यकर्तीच्या हातात देते.

कायद्याला हे कळत नव्हतं असंही नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने, माल घरी नेऊन तयार करून देणाऱ्यालाही 'कामगार' या व्याख्येत धरलं होतं. कायद्याच्या यादीत धंदा असला पाहिजे, ही अट मात्र होती. त्या कायद्याची जागा आता २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरी बसून मालकासाठी काम करणाऱ्याची वेगळी व्याख्या आहे, आणि साधनं मालकाने दिली की तिची स्वतःची आहेत याने तिच्या कामगारपणात फरक पडत नाही असं त्यात म्हटलं आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये घरातून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. त्यासाठी अहमदाबादच्या 'सेवा'ने आणि इला भट्ट यांनी वर्षानुवर्षं रेटा लावला होता. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. 'सेवा' ज्या देशात जन्मली त्या देशाने!

सुईचं आणि बाईचं हे नातं जुनं आहे. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, आजचं हुजूरपागा. तेव्हा टिळकांच्या 'मराठा' पत्राने त्या अभ्यासक्रमावर टीकेची झोड उठवली. मुलींना इंग्रजी कशाला, मातृभाषा, नीती आणि सुईकाम पुरे, असा सूर होता. सुईकाम म्हणजे बाईला घरात बसवण्याचं साधन, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. पुढे विणकाम आलं तेही दुसऱ्यांसाठीच. मुंबई-वसईच्या हवेत लोकर घालायचे दिवस मोजकेच, तरी घरोघरी सुया का होत्या? बाळंतविड्यासाठी. टोपडं, कुंची, मोजे, दुपटं. लेकीला दिवस गेले की आईच्या हातात सुया येणार. त्यात माया नव्हती असं कोण म्हणेल? पण त्या बाईच्या स्वतःच्या डोक्याला कधी टोपी मिळाली नाही, हेही खरंच.

आणि हिमाचलच्या रस्त्यांवर पाठीवर गवताचा भारा घेऊन चालता चालता विणणाऱ्या बायकांचे फोटो आपण कौतुकाने बघतो. त्या हातांना चालतानाही सुट्टी नाही, हे त्या फोटोत दिसत असतं आणि आपण रंग बघतो.

सरकारी आकडेच घ्या. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरच्या दर १०० बायकांपैकी ८१ जणी घरचं बिनपगारी काम करत होत्या, पुरुषांपैकी २६. जे करतात त्यांच्यातही बाईची दिवसाला २९९ मिनिटं आणि पुरुषाची ९७. २०२४ च्या पाहणीत बाईची २८९ झाली. चला, पाच वर्षांत दहा मिनिटं सुटली! पण पुरुषाचीही ९७ वरून ८८ वर आली, त्यानेही नऊ मिनिटं सोडवून घेतली. दहा मिनिटांत टोपीच्या दोन ओळी होतात. त्या दोन ओळींचाही सदुपयोग करा म्हणून साहेब आहेतच.

आता आपल्यातल्या टीकेकडे येते. एका बैठकीत एक जुनी साथीण मला म्हणाली, "हे मध्यमवर्गीय चोचले आहेत. तुझ्या वस्तीत घरं पडली आणि तू लोकरीवर बोलतेस?" घरं पडली हे खरं. नोव्हेंबर २०२४ पासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत आचोळे हद्दीतल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशावरून पाडल्या गेल्या. सांडपाणी प्रकल्पासाठी आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जमिनीवर त्या बेकायदा बांधलेल्या होत्या. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून खोली घेतली त्या कुटुंबांना भांडी घेऊन रस्त्यावर यावं लागलं. त्यांत आमच्या ओळखीच्या व्यापाऱ्याचा माल विणणाऱ्या बायकाही होत्या. घर गेलं तेव्हा त्यांचा कारखानाही गेला. पत्ता पक्का नाही म्हणून व्यापाऱ्याने लोकर देणं बंद केलं. आणि हे काम गेल्याची नोंद कुठे झाली? कुठेच नाही, कारण ते काम होतं अशीच नोंद नव्हती.

त्यातली एक बाई पुढच्या महिन्यात भाड्याच्या खोलीतून बैठकीला आली तेव्हा तिच्याकडे कोल्हापूरहून आणलेला हिरवा गुंडा होता. सामान हलवताना टीव्ही फुटला होता, शिधापत्रिका सापडत नव्हती, आणि हा मात्र पिठाच्या डब्यात घालून तिने आणला होता. बैठकीत शिधापत्रिकेच्या अर्जावर तासभर बोलणं झालं, तेवढा वेळ ती विणत बसली. साथिणीला मी एवढंच विचारलं: हिला चोचले करायचा अधिकार कुठल्या उत्पन्नगटापासून सुरू होतो, ते तू सांग. उपाशी माणसाला भाकरी हवीच, पण गरीब बाईला फक्त भाकरीच हवी असते हे कुणी ठरवलं? मजूर पुरुष संध्याकाळी नाक्यावर पत्ते खेळतो तेव्हा त्याला स्टॉल देतो म्हणून कुणी जात नाही.

माझं म्हणणं साधं आहे आणि ते मी आपल्या संघटनांना सांगते आहे, साहेबांना नव्हे. काम असेल तर त्याला काम म्हणा. दर कागदावर लिहून घ्या, तास मोजा. २०२७ च्या जनगणनेसाठी प्रगणक दारात येईल तेव्हा व्यापाऱ्याचा माल विणणाऱ्या बाईने 'घरीच असते' असं सांगू नये, आणि शेजारी उभी असलेली आपली कार्यकर्ती गप्प राहू नये. कुटुंब उद्योगात काम करणाऱ्यांची वेगळी वर्गवारी जनगणनेने कित्येक दशकं केलेली आहे. तिथे बाईची नोंद करून घ्या. आणि काम नसेल, तिचा स्वतःचा गुंडा असेल, तर तिच्या वाटेला जाऊ नका. ८ मार्चच्या आपल्या स्टॉलसाठीसुद्धा नाही. आपल्या स्टॉलवर रुमाल आणि बटवे ठेवताना विणणारीच्या तासांचा हिशेब किमतीत धरलेला असतो का, हेही एकदा तपासून बघू या. मी पाहिलेल्या स्टॉलांवर कच्च्या मालाची पावती असते, बाईच्या तासांची नसते.

आचोळ्याच्या गटाने दोन गोष्टी ठरवल्या आहेत. व्यापाऱ्याचा माल बैठकीत आणायचा नाही, बैठकीत फक्त स्वतःचा गुंडा. आणि व्यापाऱ्याचा माल विणणाऱ्या प्रत्येकीने घरात एक वही ठेवायची: लोकर किती वजनाची आली, किती तास गेले, किती पैसे हातावर पडले, किती कापले. पहिल्या महिन्यात सातजणींनी वह्या भरल्या. एकीच्या नवऱ्याने बेरीज केली आणि तासाचा दर काढल्यावर तो वही मिटून गप्प बसला, असं तिने सांगितलं.

वसई, पालघर, डहाणू, मुंबईची उपनगरं, किंवा आणखी कुठेही तुमच्या गटात लोकरीचा, क्रोशाचा, मण्यांचा माल घरी आणून करणाऱ्या बायका असतील, तर त्यांचे दर आम्हाला कळवा. टोपड्याला किती, मोज्यांच्या जोडीला किती, सेटला किती, आणि त्याला तास किती. व्यापाऱ्याचं नाव नको, बाईचंही नको. पुढच्या अंकापर्यंत पुरेशा वह्या जमल्या तर तक्ता करून याच पानांवर छापू, आणि तो घेऊन कामगार आयुक्तांकडे जाऊ. जाताना गाडीत वेळ मिळेलच. माझ्याकडे रत्नागिरीहून आणलेला एक पिवळा गुंडा अजून तसाच आहे.